पाब्लो कासाल्स: चेलो, मौन आणि शांतता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कासाल्सबद्दल काहीही लिहिलं की तेच ते प्रश्न पुन्हा येतात, आणि दरवेळी अर्धवट उत्तर देऊन मलाच चुटपुट लागते. म्हणून सगळे एकत्र केलेत. नंबर दिलेत कारण काही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, तिथे कुठे बघायचं ते सांगितलंय. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत, ज्यांना माहिती आहे त्यांनी सरळ ७व्या प्रश्नावर जा, माझ्या मते खरा विषय तिथे आहे.

१. हे कासाल्स नक्की कोण? आणि नाव पाब्लो की पाऊ?

चेलोवादक, कंडक्टर आणि संगीतकार. जन्म २९ डिसेंबर १८७६, कातालोनियातल्या एल व्हेन्द्रेल गावात. कातालोनिया म्हणजे स्पेनचा ईशान्येकडचा भाग, बार्सिलोना जिथे आहे तो, आणि तिथल्या लोकांची भाषा वेगळी, कातालान. वडील कार्लेस गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आई पिलार जन्माने पोर्तो रिकोची (हे लक्षात ठेवा, १२व्या प्रश्नात लागेल).

नावाचं म्हणाल तर दोन्ही बरोबर. पाब्लो हे स्पॅनिश रूप, जगभर रेकॉर्डवर तेच छापलं गेलं म्हणून रूढ झालं. घरचं, मातृभाषेतलं नाव पाऊ. आणि कातालान भाषेत 'पाऊ' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे शांतता. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्पच बसलो होतो.

२. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच मोठा प्रकार ना? त्यात एवढं मोठं नाव होण्यासारखं काय केलं त्यांनी?

त्याच घराण्यातलं वाद्य, पण मोठं, खाली टेकवून गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवतात, आणि आवाज माणसाच्या गळ्याच्या खूप जवळ जाणारा. कासाल्स यायच्या आधी चेलो बहुतेक वेळा मागे साथीला असायचा. विद्यार्थ्यांना उजव्या काखेत पुस्तक धरून वाजवायला लावायचे, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राहावं, पुस्तक पडलं की चूक. पोरवयातल्या कासाल्सना ते पटलंच नाही. त्यांनी हात मोकळा केला, डाव्या हाताची बोटं जास्त ताणून वापरायला लागले त्यामुळे पंजा सारखा वरखाली सरकवावा लागेना आणि सुरांमधली ओढ कमी झाली. आजचा कुठलाही चेलोवादक घ्या, तो या वाटेनेच वाजवतो.

त्यांचं पहिलं वाद्य वडिलांनी भोपळ्यापासून करून दिलेलं होतं. खरा चेलो त्यांनी ११व्या वर्षी ऐकला आणि मग दुसरं काही सुचेना. पुढे १८९९ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीसमोर वाजवलं, त्याच वर्षी पॅरिस गाजवलं, १९०४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर व्हाइट हाऊसमध्ये वाजवलं. म्हणजे शांततेसाठी जी प्रसिद्धी त्यांनी पुढे पणाला लावली ती उसनी नव्हती.

३. बाखच्या सुइट्सची गोष्ट खरी आहे का? म्हणे जुन्या दुकानात सापडल्या?

हो. १८९०, वय १३. कॅफेत तिघांच्या संचात वाजवायचं काम होतं, त्यासाठी नवीन काहीतरी शोधत वडिलांबरोबर बार्सिलोनाच्या बंदराजवळच्या एका जुन्या नोटेशनच्या दुकानात गेले आणि तिथे १८व्या शतकातल्या जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या सहा चेलो सुइट्सची (सुइट म्हणजे छोट्या नृत्यरचनांची माळ) वही हाती लागली. त्या काळी या सुइट्सना लोक हाताच्या व्यायामाचे धडे समजायचे, पूर्ण सुइट मैफलीत कोणी वाजवत नसे. कासाल्सनी बारा-तेरा वर्षं रोज त्यांचा रियाज केला आणि मगच एक सुइट लोकांसमोर वाजवायची हिंमत केली. रेकॉर्डिंग तर त्याहून उशिरा, १९३६ ते १९३९ मध्ये, लंडन आणि पॅरिसला. तारखा नीट बघा, ही स्पेनच्या यादवी युद्धाचीच वर्षं आहेत. घर पेटलेलं असताना केलेलं रेकॉर्डिंग आहे ते.

४. शांततेचं वेड कुठून आलं? राजकारणात होते का?

पक्षात वगैरे नव्हते. ते स्वतः याचं श्रेय आईला द्यायचे. धाकट्या भावावर, एन्रिकवर, सक्तीच्या लष्करी सेवेची वेळ आली तेव्हा आईने त्याला सांगितलं की तू कोणाला मारायला जन्मला नाहीस आणि कोणी तुला मारावं म्हणूनही जन्मला नाहीस, देश सोडून जा. आणि तो गेला. एका गावच्या ऑर्गनवाल्याची बायको हे बोलतेय, १९व्या शतकात मोठी झालेली बाई, तेव्हा हे बोलणं किती अवघड असेल बघा.

दुसरा धागा कामगारांचा. १९२० मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला आणि कित्येक वर्षं स्वतःच्या खिशातून चालवला. मग त्यांच्या लक्षात आलं की तिकीट काढून येणारे सगळे खाऊनपिऊन सुखी लोक आहेत. तेव्हा कामगारांची एक कॉन्सर्ट संस्था उभी राहिली, नाममात्र वर्गणी, आणि ठराविक उत्पन्नाच्या वर कमावणाऱ्याला सभासदच होता येत नसे. रविवारी सकाळी तोच ऑर्केस्ट्रा, तेच कासाल्स, समोर गिरणीतली आणि कारखान्यातली माणसं. संगीत सगळ्यांचं आहे असं म्हणणारे खूप असतात, हिशेब करून व्यवस्था लावणारे थोडे.

५. राणीने शिष्यवृत्ती दिली होती ना? मग प्रजासत्ताकाच्या बाजूने कसे? हा दुटप्पीपणा नाही का?

हा प्रश्न नेहमी जरा खवचटपणे येतो, पण प्रश्न रास्त आहे. तरुणपणी माद्रिदला राणी मारिया क्रिस्तिनाने त्यांना खरंच मदत केली, दरमहा पैसे दिले, आणि कासाल्स शेवटपर्यंत तिच्याबद्दल कृतज्ञतेने बोलत राहिले. १९३१ मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं तेव्हा मात्र त्यांनी बार्सिलोनात बेथोव्हेनची नववी सिंफनी कंडक्ट करून त्याचं स्वागत केलं. माणसाचं ऋण वेगळं आणि राज्यपद्धतीबद्दलचं मत वेगळं, आणि ते दोन्ही लपवत नव्हते. मला तरी यात दुटप्पीपणा दिसत नाही.

६. १८ जुलै १९३६ च्या रात्री काय झालं होतं? आणि देश कधी सोडला?

बार्सिलोनात 'लोकांचं ऑलिंपिक' भरणार होतं, हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकला उत्तर म्हणून. उद्घाटनाला पुन्हा बेथोव्हेनची नववी. आदल्या संध्याकाळी तालीम चालू असताना निरोप आला की लष्कराने उठाव केलाय, शहरात कधीही काहीही होईल, कॉन्सर्ट रद्द, सगळ्यांनी घरी जावं. कासाल्सनी निरोप वाचून दाखवला आणि विचारलं, आपण परत कधी भेटू माहीत नाही, शेवटचा भाग पूर्ण करून निघूया का? सगळे हो म्हणाले. आणि त्या रिकाम्या सभागृहात, 'सगळी माणसं भाऊ होतील' हे शब्द असलेलं कोरस त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. ते खेळ झालेच नाहीत.

यादवीच्या काळात ते जगभर वाजवत राहिले, पैसे निर्वासितांना आणि मुलांच्या दुधाला. ऑक्टोबर १९३८ मध्ये बार्सिलोनाच्या लिसेऊ थिएटरमधून कॉन्सर्ट रेडिओवर गेली तेव्हा मध्यंतरात त्यांनी इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये बाहेरच्या देशांना बजावलं की आज स्पेनमध्ये हिटलरला जिंकू दिलंत तर उद्या तुमची पाळी आहे. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं. उलट बाजूला फ्रँकोचा (उठाव करणाऱ्या लष्कराचा नेता, पुढे स्पेनचा हुकूमशहा) एक सेनापती, केइपो दे यानो, रेडिओवरून म्हणत होता की कासाल्स सापडला तर त्याचे हात कोपरापासून तोडीन.

१९३९ च्या सुरुवातीला बार्सिलोना पडलं आणि कासाल्स फ्रान्समध्ये प्राद नावाच्या छोट्या गावात राहायला गेले. प्रादच का असंही विचारतात. सरहद्दीच्या अलीकडे फ्रान्समध्येच असलं तरी ते कातालान गाव आहे, तीच भाषा, समोर कानिगू पर्वत. देश सोडला पण उंबरठ्यापाशी बसून राहिले म्हणा ना. त्या हिवाळ्यात चार-पाच लाख माणसं बर्फातून चालत सरहद्द ओलांडून आली होती आणि फ्रेंच सरकारने त्यांना आर्जेलेससारख्या समुद्रकाठच्या उघड्या वाळूवर, काटेरी तारांमागे ठेवलं होतं. कासाल्स त्या छावण्यांमध्ये गेले, आणि परत येऊन पत्रं लिहायला बसले. शेकडो पत्रं, ओळखीच्या अनोळखी सगळ्यांना, पैसे पाठवा, कपडे पाठवा, काहीही पाठवा. मग जर्मन आले, बर्लिनला वाजवायचं आमंत्रण घेऊन अधिकारी थेट घरी आले. नाही म्हणाले. घरात धड कोळसा नव्हता तेव्हा.

७. मग वाजवणं बंद का केलं? लोकांना शांततेचा संदेश द्यायचा तर उलट जास्त वाजवायला नको का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९४५. युद्ध संपलं. कासाल्सना, आणि सगळ्याच निर्वासितांना, खात्री होती की हिटलर गेला, मुसोलिनी गेला, आता दोस्त राष्ट्रं तिसऱ्यालाही हटवतील. जून १९४५ मध्ये ते इंग्लंडला गेले, रॉयल अल्बर्ट हॉल खच्चून भरला, बाहेर रस्त्यावर लोक त्यांना बघायला थांबलेले, इतक्या वर्षांच्या अंधारानंतर हा माणूस जिवंत आहे आणि वाजवतोय म्हणून. आणि मग हळूहळू स्पष्ट व्हायला लागलं की ब्रिटन फ्रँकोला हात लावणार नाही. कोणालाच ती अडचण नको होती. तेव्हा कासाल्सनी पुढचे कार्यक्रम रद्द केले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांनी मानद डॉक्टरेट देऊ केली होती, ती नाकारली. आणि जाहीर केलं की ज्या देशांची सरकारं फ्रँकोशी नातं ठेवतात त्या देशांत मी वाजवणार नाही.

आधीही ते असं वागले होते. क्रांतीनंतरच्या रशियात गेले नाहीत, १९३३ नंतर जर्मनीत नाही, मुसोलिनीच्या इटलीत नाही. पण ते जुलूम करणाऱ्याच्या घरी न जाणं होतं. आता ते मित्रांच्या घरी जाणं बंद करत होते, जिथले लोक त्यांच्यावर जीव टाकत होते अशा ठिकाणी. हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लंडनच्या श्रोत्याने त्यांचं काहीही वाकडं केलं नव्हतं, आणि त्यालाच त्यांनी सांगितलं की तुझं सरकार हे करतंय, आणि मी न वाजवून तुला त्याची आठवण करून देणार.

वय किती, तर ६८. तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या बोटांना या वयात एकेक वर्ष मोलाचं असतं, आणि पुढची वर्षं मिळतीलच याची हमी कोणाला होती? अमेरिकेतून भरभक्कम पैशांची आमंत्रणं येत होती. ते प्रादला राहिले, शिकवलं, पत्रांना उत्तरं दिली, आणि रोज रियाज केला, सकाळी उठून आधी पियानोवर बाख आणि मग चेलो. वाजवणं सोडलं नव्हतंच त्यांनी, लोकांसमोर बसणं सोडलं होतं. सूर तयार ठेवायचा आणि तो कोणाला द्यायचा नाही, याची जी रोजची टोचणी असेल ती मी कल्पनाच करू शकतो.

जास्त वाजवायला हवं होतं का? माझं मत सांगतो. त्या काळी शांततेसाठी कार्यक्रम करणारे पुष्कळ होते, टाळ्या वाजायच्या आणि लोक जेवायला घरी जायचे. कासाल्सच्या मौनाने लोकांना कारण विचारावं लागलं. का वाजवत नाहीत? स्पेनमुळे. स्पेनमध्ये काय चालू आहे? हा प्रश्न वर्षानुवर्षं जिवंत राहिला तो त्या न वाजलेल्या चेलोमुळे.

८. पण उपयोग काय झाला? फ्रँको तर मरेपर्यंत सत्तेवर होता.

खरं आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे उघडलं नाही. उलट १९५२ मध्ये स्पेन युनेस्कोत आला, १९५३ मध्ये अमेरिकेने फ्रँकोशी लष्करी तळांचा करार केला, १९५५ मध्ये स्पेन संयुक्त राष्ट्रांत. एकेक बातमी त्यांच्या जिव्हारी लागली असणार. फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ ला गेला, कासाल्सच्या नंतर दोन वर्षांनी. सरकार पाडणं हेच माप लावलं तर ते हरले. पण सरहद्दीपलीकडे अडकलेल्या आणि जगाने विसरलेल्या माणसांना, कातालान बोलायची चोरी झालेल्या लोकांना, आपल्यातला कोणीतरी अजून वाकलेला नाही एवढं माहीत असणं, याचं मोजमाप कसं करणार तुम्ही?

९. मौन होतं तर १९५० चा प्राद फेस्टिव्हल कसा झाला?

व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांच्यामुळे. त्यांनी आधी अमेरिकेला चला म्हणून मनधरणी केली, नकार आला, मग म्हणाले की तुम्ही येत नसाल तर आम्हीच तुमच्याकडे येतो, मौन न मोडता. १९५० हे बाखच्या मृत्यूचं २००वं वर्ष. रुडॉल्फ सर्किन, आयझॅक स्टर्न, जोसेफ सिगेटी, क्लारा हास्किल, अशी नावं त्या आडगावात उतरली आणि चर्चमध्ये बाख झाला. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसत. आता फ्रान्सनेही फ्रँकोला मान्यता दिली होती मग हे चालतं कसं, असं कोणी विचारलं तर उत्तर असं की जिथे निर्वासित म्हणून आसरा मिळाला त्या गावी, आपल्याच माणसांत, त्यांनी वाजवलं, दौऱ्यावर गेले नाहीत. ही पहिली सवलत, आणि ती जरा ताणलेली आहे हे मीही मान्य करतो. पुढच्या सवलतींसाठी १० आणि ११ बघा.

१०. १९५८ मध्ये न्यूयॉर्कला वाजवलं, तो नियम मोडणं नव्हतं?

२४ ऑक्टोबर १९५८, संयुक्त राष्ट्र दिन, आमसभेचं सभागृह. शब्दशः बघितलं तर ती जागा अमेरिकेची नाही, आंतरराष्ट्रीय आहे, आणि हाच मुद्दा त्यांनी धरला. पण स्पेन तेव्हा तिथला सभासद होता (८वा प्रश्न), त्यामुळे नुसत्या जागेच्या हिशेबाने ते गेले असं मी म्हणणार नाही. अणुबॉम्बच्या चाचण्या चालू होत्या, एकामागून एक, आणि त्यांचे मित्र आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यासारखे लोक त्याविरुद्ध बोलत होते. कासाल्सना वाटलं की आता प्रश्न एकट्या स्पेनचा राहिलेला नाही. ८१व्या वर्षी त्यांनी मिएचिस्लाव होर्शोव्हस्की यांच्या पियानोबरोबर बाखचा सोनाटा वाजवला, आणि सोबत अण्वस्त्रांविरुद्धचा त्यांचा संदेश. कार्यक्रम रेडिओवरून अनेक देशांत गेला, त्याच दिवसाच्या कार्यक्रमात पॅरिसहून व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन आणि डेव्हिड ओइस्त्राख आणि आपले रविशंकर होते.

११. आणि व्हाइट हाऊस? अमेरिका तर फ्रँकोला पैसे देत होती!

देत होती. म्हणूनच १३ नोव्हेंबर १९६१ चं ते वादन सगळ्यात वादाचं. कासाल्सचं म्हणणं होतं की केनेडी या माणसाबद्दल मला आदर आहे, त्याच्याकडून आशा आहे, आणि मी त्याच्यासाठी वाजवतोय, या भेटीचा अर्थ अमेरिकेच्या स्पेनविषयक धोरणाला मान्यता असा नाही. काहींना हे पटलं, काहींना नाही. मी बरीच वर्षं न पटलेल्यांत होतो. पण मग विचार केला की ८४ वर्षांचा माणूस, बावीस वर्षं परदेशात, सगळे दरवाजे बंद करून बघितले आणि काही हललं नाही, तर एक दरवाजा उघडून आत जाऊन समोरासमोर बोलून बघावंसं त्याला वाटलं, त्यात चूक काय? तत्त्व मोडलं असेल पण विकलं नाही.

एक गंमत म्हणजे त्या रात्री श्रोत्यांत एक बाई होती, अॅलिस रूझवेल्ट लाँगवर्थ, जिने १९०४ मध्येही त्यांना त्याच घरात ऐकलं होतं. ५७ वर्षांचं अंतर.

१२. पोर्तो रिकोला का गेले?

आईची जन्मभूमी. १९५५ च्या शेवटी पहिल्यांदा गेले, मग तिथेच स्थायिक झाले, १९५७ पासून तिथे कासाल्स फेस्टिव्हल सुरू झाला. त्याच वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि त्याच वर्षी त्यांनी त्यांची विद्यार्थिनी मार्ता मोन्तान्येस हिच्याशी लग्न केलं, ते ८० आणि ती २०. यावर जे मेसेज येतात त्यांना मी उत्तर देत नाही, इथेही देणार नाही.

१३. 'एल पेसेब्रे' काय आहे? त्यांनी स्वतः लिहिलंय का?

शब्द जोआन अलावेद्रा या कवीचे, संगीत कासाल्सचं. येशूच्या जन्माचा देखावा, गायक, कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठी. अलावेद्रा प्रादला त्यांच्याचबरोबर निर्वासित होते, आणि संगीत १९४३ पासून लिहायला घेतलं, म्हणजे जर्मन बाहेर फिरत असताना. पहिला प्रयोग १७ डिसेंबर १९६० ला मेक्सिकोत अकापुल्कोला. नंतर कासाल्सनी ठरवलं की हे घेऊन जगभर फिरायचं, स्वतः कंडक्ट करायचं, शांततेची आपली वैयक्तिक मोहीम म्हणून. ८५ च्या पुढचं वय! १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांतही झालं. रचना म्हणून ती थोर आहे का? १९६० च्या जगात ती फार जुन्या वळणाची वाटली, समीक्षक फारसे हलले नाहीत, आणि मलाही ती सलग ऐकताना मधे लांबते. तरी शेवटी सगळे आवाज मिळून 'पाऊ', शांतता, असं मागतात तिथे थांबायला होतं. ज्याचं नावच ते, त्याने लिहिलेलं.

१४. 'पक्ष्यांचं गाणं' हे कासाल्सचं गाणं आहे का?

नाही, रचना त्यांची नाही. 'एल कान्त देल्स ओसेल्स' हे जुनं कातालान लोकगीत आहे, ख्रिसमसचं, येशू जन्मला म्हणून पक्षी गातात. कासाल्सनी ते चेलोसाठी बसवलं आणि देश सोडल्यानंतर मैफल त्यानेच संपवायचा प्रघात ठेवला. निर्वासितांसाठी ते घरचं गाणं झालं.

२४ ऑक्टोबर १९७१ ला, ९४व्या वर्षी, ते पुन्हा संयुक्त राष्ट्रांत आले. त्यांनी स्वतः संगीत दिलेलं संयुक्त राष्ट्रांचं स्तवन, शब्द कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे, तिथे झालं आणि सरचिटणीस ऊ थांट यांनी त्यांना शांतता पदक दिलं. मग ते थरथरत्या आवाजात, मोडक्या इंग्रजीत बोलले. मी कातालान आहे म्हणाले. कातालोनियातले पक्षी आकाशात उडताना 'पीस, पीस, पीस' असं गातात म्हणाले. आणि खूप वर्षांनी लोकांसमोर चेलो हातात घेऊन हेच गाणं वाजवलं. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. तांत्रिकदृष्ट्या हात थकलेला दिसतो. बघाच.

१५. त्याच भाषणात ते म्हणाले की कातालोनियात इंग्लंडच्या आधी संसद होती. हे खरं की अभिमानाच्या भरात?

थोडं थोडं दोन्ही. ते ज्या ११व्या शतकातल्या सभेबद्दल बोलले ती १०२७ मध्ये तुलूज (Toulouges; मोठं शहर तुलूझ म्हणजे Toulouse नव्हे, दोन्ही नावं ऐकायला जवळची, म्हणून घोळ होतो) या पेर्पिन्या शहराजवळच्या छोट्या गावी भरलेली. बिशप ओलिबा यांच्या पुढाकाराने तिथे ठरलं की ठराविक दिवशी कोणी शस्त्र उचलायचं नाही. गाव आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा कातालान. ही सभा शांततेसाठी होती हे शंभर टक्के खरं. पण आज आपण ज्याला संसद म्हणतो तशी ती नव्हती, धर्मगुरूंच्या पुढाकाराची सभा होती. कातालान 'कोर्त्स'ला, म्हणजे तिथल्या संसदेला, कायद्याने नियमित रूप आलं १२८३ मध्ये, आणि इंग्लंडमधली सायमन दे माँफोर्टची संसद १२६५ ची. त्यामुळे 'पहिली संसद' हा दावा वादात टिकणं कठीण, 'शांततेसाठी भरलेली खूप जुनी सभा' हे टिकतं. आणि त्या दिवशी त्यांना सांगायचं होतं ते हेच.

१६. नाझींना मदत करणाऱ्या मित्राला त्यांनी माफ केलं, हे कसं?

पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो. कासाल्स, कोर्तो आणि व्हायोलिनवादक जाक तिबो यांची त्रयी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गाजलेली. युद्धात कोर्तोने जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारमध्ये पद घेतलं, जर्मनीत जाऊन वाजवलं. कासाल्सनी संबंध तोडले. कोर्तोने चूक कबूल केली, आणि शेवटी १९५८ मध्ये दोघांनी प्रादला पुन्हा एकत्र वाजवलं, दोघेही ८० च्या पुढचे.

ज्यांना ७वा प्रश्न आवडतो त्यांना हे खटकतं, ब्रिटनला माफ नाही आणि याला माफ? पण ब्रिटिश सरकार तेव्हाही फ्रँकोशी संबंध ठेवूनच होतं, आणि कोर्तो दारात येऊन चुकलो म्हणाला होता. चालू असलेल्या अन्यायाशी तडजोड नाही, संपलेल्या चुकीला मात्र दार उघडं, मला तरी त्यांचं वागणं असंच कळतं.

१७. शांततेचं नोबेल मिळालं का?

नाही. अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं १९६३ मध्ये, आणि वर सांगितलेलं संयुक्त राष्ट्रांचं पदक.

१८. स्पेनला परत गेले का कधी?

राहायला कधीच नाही. फ्रँको असेपर्यंत जाणार नाही म्हणाले होते आणि शब्द पाळला. एकच अपवाद सांगतात तो १९५५ च्या सुरुवातीचा, इतकी वर्षं ज्यांनी प्रादला त्यांची साथ केली त्या फ्रान्सेस्का व्हिदाल गेल्या, त्यांना एल व्हेन्द्रेलच्या मातीत पुरायला ते गेले आणि लगेच परतले. तो अपवाद कोणी मोजू नये.

२२ ऑक्टोबर १९७३ ला सान हुआनमध्ये ते वारले, वय ९६. तिथेच दफन झालं. फ्रँको गेल्यावर, कातालोनियाला स्वायत्तता परत मिळायच्या वेळी, नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यांचे अवशेष एल व्हेन्द्रेलला आणले. समुद्रकाठचं त्यांचं घर आता म्युझियम आहे.

१९. मी वेस्टर्न क्लासिकल अजिबात ऐकत नाही. कुठून सुरुवात करू?

पहिल्या सुइटचा प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, अडीच-तीन मिनिटांचा, १९३८ चं रेकॉर्डिंग. खरखर आहे, ती असू द्या. मग पाचव्या सुइटची साराबांद (संथ नृत्याचा भाग), तिथे एकावेळी एकच सूर आहे आणि मधे खूप रिकामी जागा. आणि मग व्हाइट हाऊसचं १९६१ चं रेकॉर्डिंग काढा आणि शेवटचं 'पक्ष्यांचं गाणं' हेडफोन लावून ऐका. चेलोच्या मागे अजून एक आवाज येतो, हलकासा, कण्हल्यासारखा. लोक विचारतात रेकॉर्डिंग खराब आहे का. नाही, ते कासाल्स आहेत, वाजवताना त्यांच्या तोंडून निघतंय ते.